केनीवुड उघडलंय

फेब्रुवारीतली सकाळ. रात्रभर बर्फ पडून गेला होता आणि मी ऑफिसला निघायच्या घाईत गाडीच्या काचेवरचा थर खरवडत होतो. शेजारचे आजोबा त्यांच्या पायऱ्यांवर मीठ टाकत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, जरासे खाकरले आणि म्हणाले, "केनीवुड्स ओपन."

केनीवुड म्हणजे पिट्सबर्गचं जुनं करमणुकीचं उद्यान. १८९८ सालापासूनचं, मनॉन्गहेला नदीच्या वर टेकाडावर. लाकडी रोलर कोस्टर, पाळणे, तळलेल्या बटाट्यांचा वास, असं सगळं. हिवाळ्यात ते बंद असतं, एवढं मला गावात येऊन चारच महिने झाले होते तरी कळलेलं होतं. म्हणून मी आपलं सरळ मनाने विचारलं, "इतक्या थंडीत?"

आजोबा पुन्हा खाकरले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "युअर फ्लाय." मी इकडेतिकडे पाहिलं. या गारठ्यात माशी कुठून आली? शेवटी बिचाऱ्यांनी मिठाची बादली खाली ठेवली आणि स्वतःच्या पँटकडे बोट दाखवलं. माझ्या पँटची चेन उघडी होती.

आमच्या परतवाड्याच्या शाळेत याला 'पोस्ट ऑफिस उघडं आहे' म्हणत. म्हणजे युक्ती तीच. लाजेची गोष्ट चारचौघांत सांगायची तर गावातल्या एखाद्या सार्वजनिक जागेच्या आडून सांगायची. फरक इतकाच की पोस्ट ऑफिस गावोगावी असतं आणि केनीवुड एकच आहे. हे वाक्य क्लीव्हलंडला नेऊन म्हटलं तर लोक तिकिटाचा दर विचारतील.

ही १९९८ सालची गोष्ट. त्याआधी मला इंग्रजी येतं असा माझा समज होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. तर्खडकरी इंग्रजी होती माझी. कर्तरी-कर्मणी तोंडपाठ, काळ बारा म्हणजे बारा, कुठलं शब्दयोगी कुठे लागतं यावर पैजा मारून चहा जिंकलेला. विमानतळावर, ऑफिसच्या बैठकीत, बँकेत ती झकास चालली. अडली ती आमच्या गल्लीत. पहिल्याच आठवड्यात आजोबांनी मला कुंपणावरून विचारलं होतं, "जीट जेट?" मला वाटलं, विमानाबद्दल विचारताहेत. मी म्हणालो, हो, जेटनेच आलो, मुंबईहून. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. 'डिड यू ईट येट' हे चार शब्द दाबून त्यांनी दोनात बसवले होते. याचं ठरलेलं उत्तर असतं, "नो, जू?" म्हणजे, नाही, तुमचं झालं का?

आमच्या वऱ्हाडात भर दुपारी रस्त्यात भेटलेला माणूस पहिलं हेच विचारतो, जेवला का? त्याला तुमच्या पोटाशी फार देणंघेणं असतं असं नाही, पण विचारल्याशिवाय पुढे जायचं नसतं. मनात आलं, मी इतक्या लांब येऊन पुन्हा त्याच प्रश्नापाशी उभा आहे, फक्त मला तो कळला नाही.

मग मी कान देऊन ऐकायला लागलो. गल्लीत आम्हां दोघांना, म्हणजे मला आणि बायकोला, लोक 'यिन्झ' म्हणत. यिन्झ इंडियातले का? यिन्झ मांस खाता का? आधी मला वाटलं हा आदराचा शब्द असावा, आपल्या 'आपण'सारखा, आणि मी जरा फुशारलोसुद्धा. तसं काही नव्हतं. जुन्या इंग्रजीत एकाला वेगळा आणि अनेकांना वेगळा शब्द होता. पुढे एकवचनातला 'दाउ' गेला आणि 'यू' सगळ्यांच्याच गळ्यात पडला. मग समोर एक माणूस आहे की घर भरून माणसं, हे सांगायचं कसं? प्रत्येक मुलखाने आपापली सोय लावली. दक्षिणेत 'यॉल', न्यूयॉर्ककडे 'यूझ', बऱ्याच ठिकाणी 'यू गाइज', आणि पिट्सबर्गात 'यिन्झ'. मुळात 'यू वन्स'. अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडमधून स्कॉटिश वंशाची माणसं पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात येऊन वसली, त्यांच्या बोचक्यातून आलेला.

या गावावर स्कॉटिश छाप पहिल्यापासूनच आहे. १७५८ साली गावाला नाव दिलं ते जनरल फोर्ब्सने, आणि तो स्कॉटलंडचा. म्हणूनच नावाच्या शेवटी ते न उच्चारलं जाणारं 'एच' आहे, एडिनबर्गसारखं. १८९१ साली वॉशिंग्टनच्या भूगोल मंडळाने गावांच्या नावांत एकसारखेपणा आणायचा म्हणून ते काढून टाकलं. गाव वीस वर्षं कुरकुरत राहिलं आणि १९११ साली ते परत मिळवलं. ज्याचा उच्चारही होत नाही अशा अक्षरासाठी वीस वर्षं! मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही माणसं आपल्यातली आहेत.

मोडलेल्या व्याकरणाची सवय मात्र लवकर झाली नाही. आजोबा म्हणायचे, "द कार नीड्स वॉश्ड." माझा तर्खडकरी कान ताडकन उभा राहायचा. 'नीड्स टू बी वॉश्ड' हवं, नाहीतर 'नीड्स वॉशिंग' हवं. मधले दोन शब्द गेले कुठे? आधी वाटलं आजोबांचीच सवय असेल. मग दुकानदार म्हणाला, शाळेतल्या बाई म्हणाल्या, एकदा तर आमच्या ऑफिसातल्या चांगल्या शिकल्यासवरलेल्या व्यवस्थापिकेने लेखी कळवलं की अहवाल 'नीड्स फिक्स्ड'. पश्चिम पेनसिल्व्हेनियापासून ओहायो, इंडियानापर्यंत असं सर्रास बोलतात, आणि बोलणाऱ्याला त्यात काही चुकतंय याचा पत्ताही नसतो. एक दिवस स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "उद्या पाहुणे येणारेत, मला हे घर आवरलेलं पाहिजे." आवरलेलं पाहिजे. नीड्स आवरलेलं. मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. म्हणजे आजोबा मराठीच बोलत होते की!

आणि आवरण्यासाठीही त्यांच्याकडे शब्द होता, 'रेड अप'. पाहुणे यायच्या आधी आजी म्हणायच्या, घर रेड अप करायचंय. हा मला भेटलेला पहिला इंग्रजी शब्द, ज्यात आपलं आवरणं जसंच्या तसं मावतं. 'क्लीन' म्हणजे साफ करणं, त्यात फडकं आलं, पाणी आलं. 'टायडी'मध्ये शिस्त आहे. आवरण्यात यातलं थोडंथोडं असतं, पण त्याहून जास्त असतो तो कुणीतरी येणार असल्याचा घोर. सोफ्यावरचे कपडे उचलून आतल्या खोलीत लोटायचे आणि दार ओढून घ्यायचं, यालाही आवरणंच म्हणतात. आजींच्या रेड अपमध्ये ते लोटणं बसत होतं. त्यांच्या आतल्या खोलीचं दार मी कधी उघडं पाहिलं नाही.

बाकीचेही शब्द हळूहळू अंगवळणी पडले. भोचक माणूस 'नेबी'. 'नेब' म्हणजे चोच किंवा नाक, तेव्हा दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारा तो नेबी. रबरबँड म्हणजे 'गमबँड', तो जर्मनांकडून आलेला. काटेरी झुडूप 'जॅगर', आणि त्यावरून उगाच कुणाच्या काड्या करत बसणं म्हणजे 'जॅगिंग अराउंड'. यातूनच निघालेली एक शिवी आहे, ती पिट्सबर्गची माणसं प्रेमानेही देतात आणि गाडी आडवी घालणाऱ्याला रागानेही देतात. ती इथे लिहीत नाही, माझी आई हा ब्लॉग वाचते. वाक्याच्या शेपटीला 'अ‍ॅन्ड दॅट'चं 'नॅट' लावायचं, म्हणजे आपलं चहाबिहा, कपडेबिपडे. डाउनटाउनचं 'डाहनटाहन' करायचं, आणि निसरडं झालं की 'स्लिपरी' नाही म्हणायचं, 'स्लिपी' म्हणायचं. आजोबा सकाळी मला पाहिलं की हमखास ओरडायचे, "वॉच, इट्स स्लिपी."

इथे मला पुण्याबद्दल सांगायला हवं. सांगायचं जिवावर येतं, पण त्याशिवाय पुढचं नीट लागणार नाही.

बारावीनंतर मी इंजिनियरिंगला पुण्यात आलो. वसतिगृहाच्या मेसमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकाने सहज विचारलं, "जेवण झालं का रे?" मी म्हणालो, "हाव." टेबल हसलं. वाईट मनाने हसले असं नाही, पण हसले. मग कुणीतरी म्हणालं, अजून काहीतरी बोल ना. मी विचारलं, "कायले?" तर पुन्हा हशा. वाढपी भाजी घेऊन आला तेव्हा मी त्याला सांगितलं, "थांब, मी अजून जेवून राहिलो," तर पलीकडून आवाज आला, "जेवून कुठे राहिलास?" हा विनोद पुढे चार वर्षं पुरला. येऊन राहिलो म्हटलं की कुठे राहिलास. अभ्यास करून राहिलो म्हटलं की भाडं किती. माझं नावच 'हाव' पडलं. मराठीतलं पहिलं मोठं गद्य आमच्याच जिल्ह्यात, रिद्धपुरात लिहिलं गेलं, हे मला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी मेसच्या टेबलावर ते काय कामाचं?

महिन्याभरात मी बदललो. 'मले'चं 'मला' झालं, 'हाव'चं 'हो' झालं. रविवारी एसटीडी बूथवरून घरी फोन करायचो तेव्हा मागे रांगेत मित्र उभे असत, म्हणून घरच्यांशीही तसंच बोलायचो. एकदा आईने मधेच थांबवून विचारलं, "बरं नाही का रे तुले? आवाज कायले असा येऊन राहिला?" मी म्हणालो, सर्दी झालीय. ती सर्दी काही पुढे गेली नाही. आज मी हे ज्या मराठीत लिहितोय, ती त्या सर्दीचीच मराठी आहे.

आता आजोबांच्या स्वयंपाकघरात येतो. दुपारची वेळ, पिवळ्या रेक्झिनच्या खुर्च्या, टेबलावर प्लास्टिकचं फुलाफुलांचं कापड. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. आम्ही दोघं कामावर असताना आजी तिला सांभाळायच्या आणि मी तिला घ्यायला आलो होतो. आजोबा भिंतीवरच्या फोनवर पेन्शनच्या कुठल्या तरी कार्यालयाशी बोलत होते. मी दारातच थबकलो. आवाज त्यांचाच, पण माणूस दुसराच वाटत होता. ताठ उभे, एका हाताने शर्टाची कॉलर नीट करत, एकेक शब्द सुटा करून बोलत होते. डाउनटाउन म्हणताना त्यांनी ओठांचा एवढा चंबू केला की कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, फुंकर मारताहेत. फोन ठेवला, खुर्चीत बसले आणि आम्हांला म्हणाले, "यिन्झ वाँट कॉफी?"

मी काही बोललो नाही. बोलायचं तर मला एसटीडी बूथपासून सुरुवात करावी लागली असती.

आजोबा होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातले. तोच कारखाना, जिथे १८९२ साली संपाच्या वेळी कामगार आणि मालकाने बोलावलेले भाडोत्री शिपाई यांच्यात गोळीबार झाला होता. आजोबांचे वडील तिथे, ते स्वतः तिथे, मेहुणे तिथे. १९८६ मध्ये तो बंद पडला. त्या दहाबारा वर्षांत नदीकाठचे कारखाने एकामागून एक थंड झाले आणि गावातली तरणी पोरं टेक्सास, फ्लोरिडा, कॅरोलिना अशी पांगली. आजोबांचा मुलगाही गेला. होमस्टेडच्या जागेवर १९९९ मध्ये मोठं बाजारसंकुल उभं राहिलं. कारखान्याची बारा धुराडी तेवढी ओळीने तशीच ठेवलीत, शोभेला. तिथल्या दुकानात आजोबा ढकलगाडी घेत, तिला तेवढं 'कार्ट' न म्हणता 'बगी' म्हणत, आणि मला सांगत की आपण आत्ता जिथे कॉर्नफ्लेक्स बघतोय तिथे अमुक नंबरची भट्टी होती.

त्याच संकुलात एकदा मी टीशर्ट पाहिले. काळ्यावर पिवळ्या अक्षरांत 'यिन्झ', 'नेबी', 'रेड अप', 'नॅट'. मग्जसुद्धा होते. मी आजोबांना दाखवले तर ते बराच वेळ बघत उभे राहिले. गंमत वाटली असेलच, पण चेहरा असा झाला, जसा आपल्या घरातली जुनी घागर दुसऱ्याच्या दिवाणखान्यात कुंडी म्हणून ठेवलेली दिसल्यावर होतो. इथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बार्बरा जॉन्स्टन यांनी या बोलीवर बरीच वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सगळे इथेच जन्मून इथेच मरत तोवर आपण काही वेगळं बोलतो हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. कारखाने गेले, माणसं बाहेर पडली, बाहेरच्यांनी टोकलं, तेव्हा ती 'बोली' झाली. मग ती छापता आली, विकता आली, लांब गेलेल्या पोराला नाताळात पाठवता आली. मला हे वाचून मेसचं टेबल आठवलं. मी परतवाड्यात वऱ्हाडी बोलत नव्हतो. तिथे मी नुसता बोलत होतो. वऱ्हाडी बोलायला मी पुण्यात लागलो, आणि त्याच दिवशी सोडलीही.

या सगळ्याचं मला एवढं वेड लागलं की शनिवारी मी ओकलंडमधल्या कार्नेगी वाचनालयात जाऊन बसायला लागलो. तिथे अमेरिकेच्या प्रादेशिक बोलींचा कोश सापडला, एकेक खंड उचलताना मनगट दुखेल असा. त्याची कथाच न्यारी. फ्रेडरिक कॅसिडी नावाचे जमैकात जन्मलेले प्राध्यापक, विस्कॉन्सिन विद्यापीठातले. १९६५ ते १९७० या काळात त्यांनी आपली माणसं देशभर पिटाळली, राहायची सोय असलेल्या गाड्यांमधून. त्या गाड्यांना नाव होतं 'वर्ड वॅगन'. १,००२ गावं, २,७७७ माणसं, आणि प्रत्येक गावात दीड हजारांहून जास्त प्रश्न. सुटलेल्या ढगळ पोटाला काय म्हणता, रिमझिमीला काय म्हणता, पलंगाखाली साठणाऱ्या धुळीच्या गोळ्यांना काय म्हणता. पहिला खंड निघाला १९८५ मध्ये, तो 'सी'पर्यंतच. कॅसिडी २००० साली गेले आणि त्यांच्या थडग्यावर कोरलं, 'ऑन टू झी!' चला, झेडपर्यंत.

मी गेलो तेव्हा चौथा खंड नुकताच आलेला होता. आजोबांना मी सांगितलं, तुमचे शब्द पुस्तकात आलेत. त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, स्लिपी बघ. मी बघायला गेलो तर चौथा खंड 'एसके'पाशी संपलेला आणि स्लिपी सुरू होतो 'एसएल'ने! एका अक्षराने हुकलं. मग पुढची कित्येक वर्षं आजोबा हिवाळा आला की विचारत, निघालं का पुढचं पुस्तक? ते निघालं २०१२ मध्ये. तोवर आजींना विस्मरण व्हायला लागलं होतं, आजोबा त्यांना एकटं सोडून अंगणातही फारसे येत नसत, आणि वाचनालयात जायचं माझ्याही मनातून निघून गेलं.

कामानिमित्त मी या देशात बराच हिंडलो, आणि कान उघडा ठेवला की मजा असते. सिनसिनाटीत एकाला नीट ऐकू आलं नाही तर तो म्हणाला, "प्लीज?" मी गोंधळलो, हा काय मागतोय? जर्मन आजोबा-पणजोबांच्या 'बिट्ट'चं ते भाषांतर आहे, इतकंच. दक्षिणेत कुणी गोड हसून म्हटलं की देव तुझ्या काळजाचं भलं करो, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'काय बावळट आहेस' असा असतो. पुण्यात चार वर्षं काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ऊन असताना पाऊस आला की आपल्याकडे कोल्ह्याचं लग्न लागतं, आणि तिथे दक्षिणेत म्हणतात की सैतान बायकोला मारतोय. मी आपला कोल्ह्याच्या बाजूचा. न्यू ऑर्लिन्सला मिठाईच्या दुकानात मोजून दिल्यावर बाईंनी वर एक तुकडा ठेवला आणि म्हणाल्या, 'लॅन्याप'. फ्रेंच, त्याआधी स्पॅनिश, आणि मुळात दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतला शब्द, असा प्रवास करून आलेला. माझी बायको देवरुखची. ती पटकन म्हणाली, "अय्या, वरताळा!" मला हा शब्द ठाऊक नव्हता. आंबे मोजून घेतल्यावर वरून मिळतात ते, असं तिने मला सांगितलं, तेही त्या अमेरिकन बाईंसमोर, जणू त्या दोघी एका गावच्या आणि मी तिऱ्हाईत.

पण खरी फजिती झाली ती पूर्व केंटकीत. पिट्सबर्गला वसलेल्या त्या स्कॉटिश मंडळींचेच भाऊबंद डोंगरांच्या रांगेने खाली उतरत तिकडे गेले. तिथल्या एका कारखान्यात मी आठवडाभर कामाला होतो. भाड्याची गाडी बंद पडली. पाळीवरच्या मुकादमाला मी विचारलं, जाताना मला मोटेलवर सोडाल का? तो म्हणाला, "आय डोंट केअर टू." माझ्या इंग्रजीत याचा अर्थ एकच होता, मला नाही सोडायचं. तेही तोंडावर, शांतपणे. मला फार लागलं. पाच वाजता लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवून मी रस्त्याच्या कडेने चालायला लागलो. मैलभर गेलो असेन, मागून पिकअप येऊन थांबली. मुकादम काच खाली करून म्हणाला, अहो, मी फाटकापाशी वाट बघत होतो, निघून काय आलात? तिकडे 'आय डोंट केअर टू' म्हणजे 'माझी काही हरकत नाही'. आपणही होकार देताना 'नाही'च म्हणतो की, हरकत नाही, काही वांधा नाही. गाडीत बसल्यावर त्याने मला विचारलं, रागावलात का? मी म्हणालो, नाही. ते नाही मात्र खरोखरचं नाही होतं.

आजोबा गेले २०१६ च्या शरदात. आजी त्यांच्या मुलाकडे, शार्लटला. घर रिकामं करताना मुलाने आम्हांला बोलावलं, तुम्हांला काही हवंय का म्हणून. मी त्या पिवळ्या रेक्झिनच्या खुर्च्यांपैकी एक मागितली. त्याला कारण होतं. पिट्सबर्गात बर्फ उपसून रस्त्यावर गाडीपुरती जागा मोकळी केली की तिथे स्वयंपाकघरातली खुर्ची आणून ठेवायची, म्हणजे ती जागा तुमची. कायद्यात असं काही नाही, पण दुसऱ्याची खुर्ची हलवण्याची कुणाची टाप नसते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून पकडलेल्या जागेला जो मान, तोच. आजोबांची ती खुर्ची, सीटला एका कोपऱ्यात टेप लावलेली, आता दर हिवाळ्यात मी ठेवतो.

२०१९ मध्ये मुलगी शिकायला बॉस्टनला गेली. पहिल्या हिवाळ्यात एका रात्री तिचा फोन आला. बोलणं इकडचंतिकडचं चाललं होतं, मग हसत म्हणाली, बाबा, मी वियर्ड बोलते का? खोलीतल्या दोघी कॅलिफोर्नियाच्या, एक बॉस्टनचीच. जिना ओला होता म्हणून हिने म्हटलं, स्लिपी आहे. त्या म्हणाल्या, झोपाळू? जिना झोपाळू आहे? मग हिने गमबँड मागितला, तर विचारूच नका. माझे कपडे नीड्स वॉश्ड, यावर तर त्यांनी एक गाणंच केलं म्हणे. "काय म्हणालीस मग?" मी विचारलं. "काही नाही. मी आता स्लिपरीच म्हणते. इट्स फाइन." आणि ती दुसरं काहीतरी सांगायला लागली, परीक्षेचं.

सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. कोश होता, वर्ड वॅगन होत्या, स्कॉटिश लोक होते, रिद्धपूर होतं. मी म्हणालो, तुला सर्दी झालीय का? ती म्हणाली, नाही तर. का?

नाताळच्या सुट्टीत तिला विमानतळावरून घेऊन आलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आदल्या दिवशी उपसलेल्या जागेवर नवा पातळ थर बसला होता आणि मधोमध पिवळी खुर्ची, टेप लावलेल्या कोपऱ्यावर बर्फाची टोपी घालून. मुलगी खुर्ची काढायला खाली उतरली. दोन पावलांवर पाय सटकला, खुर्चीची पाठ धरून सावरली. तिने खुर्ची उचलून फुटपाथवर ठेवली, हात झटकले आणि माझ्या बाजूच्या काचेवर टकटक केलं.

"बाबा, सांभाळून उतरा हं. लय स्लिपी आहे."

"हाव," मी म्हणालो.